ऊन पडून आहे

रायपूर,
फेब्रुवारी संपत आला

सौ. कलावतीस,

सप्रेम जय भीम. इकडे मी ठीक आहे, घर ठीक आहे, छताचा नळ गळतो तेवढा सोडून सगळं ठीक आहे. तिकडे तुझी, धम्मदीपची, सूनबाई मोनालीची आणि आपल्या यशदीपची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. तुझ्या गुडघ्याचं मात्र धरून चालत नाही, कारण तू फोनवर ‘बराय’ म्हणतेस ते मला चांगलं ओळखू येतं. (बरा असला की तू गुडघ्याचं नावच काढत नाहीस.)

आता तू म्हणशील, रोज फोन होतो तरी या माणसाला पत्र लिहायचं काय सुचलं. तर ऐक. फोन तू स्पीकरवर लावतेस. मी ‘कशी आहेस’ विचारलं की यशदीप ‘मैं अच्छा हूँ दादाजी’ सांगतो, मोनाली ‘बाबा, जेवले का’ विचारते आणि धम्मदीप मागून ‘बाबा, घर भाड्यानं देऊन इकडंच या ना’ म्हणून ओरडतो. एवढ्या लोकसभेत मी काय बोलणार? शेवटी मी भाजीचे भाव सांगतो आणि ठेवून देतो. म्हणून हे पत्र. हे एकटीनं वाच, चष्मा लावून वाच, आणि मोनालीला मोठ्यानं वाचायला देऊ नकोस.

तू गेलीस तेव्हा पंधरा दिवसांची पिशवी भरून गेली होतीस. दीक्षाभूमीवरून तू पुण्याच्या गाडीत बसलीस आणि मी रायपूरच्या, एवढंच माझ्या लक्षात आहे. मग दिवाळी झाली, मग यशदीपला खोकला झाला, मग मोनालीची सुट्टी संपली, आणि परवा विचारलं तर तू म्हणालीस, ‘काहून घाई करून राहिले जी? पोट्ट्याले शाळेत तं टाकू द्या.’ म्हणजे जून.  नातवापुढे आजोबाचा काय वशिला! पण इथं तुझ्या नावानं जे होऊन बसलं आहे ते तुला कळायला हवं, कारण ते थेट तुझ्या जिवाशी संबंधित आहे. घाबरू नकोस. तू जिवंत आहेस. हे मी आता लेखी देऊ शकतो, आणि का द्यावं लागलं तेच सांगायला बसलो आहे.

जानेवारीत आपल्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात घरोघर, विद्यापीठाची माणसं आली. सूर्याच्या विजेवर त्यांचं मोठं संशोधन आहे. घरांच्या छतांवर पॅनल बसवायचे, किती वीज होते ते बघायचं आणि त्या विजेनं माणसांच्या राहणीत काय फरक पडतो तेही बघायचं. याला ते आंतरविद्याशाखीय म्हणतात. मला त्याचा अर्थ असा समजला की दोन वेगवेगळ्या विभागांची माणसं एकाच जीपमधून येतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. इंजिनियरिंगकडून पियुष नावाचा उंच मुलगा होता. त्याला छत दिसतं, छताखालची माणसं दिसत नाहीत. समाजशास्त्राकडून अनुश्री. तिला फक्त माणसं दिसतात, आणि छतावर जायला ती जिन्याचा कठडा घट्ट धरते. दोघं माझ्याशी बोलताना एकमेकांबद्दल तक्रार करत. मी वॅगन कारखान्यात उभं आयुष्य काढलं आहे. कारखान्याचं एक खातं, म्हणजे शॉप, दुसऱ्या शॉपबद्दल काय बोलतं हे मला नवीन नाही, त्यामुळे दोघांनाही मी चहा दिला आणि दोघांनाही तुमचंच बरोबर आहे म्हटलं.

पियुषनं आपल्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, म्हणजे तुझ्या कोपऱ्यात, ऊन मोजायचं एक यंत्र ठेवलं. वर काचेची छोटी वाटी उपडी घातल्यासारखं दिसतं. ‘अंकल, इसको हाथ नहीं लगाना’ म्हणाला. मी हात लावला नाही. मी फक्त त्याच्यावरच्या दोरीला माझं बनियन वाळत घातलं, कारण मी बनियन तिथंच वाळत घालतो, आणि यंत्र काल आलं म्हणून बनियनानं जागा सोडावी असं मला वाटलं नाही. आठवड्यानं पोरगा चिंतेत आला. रोज सकाळी अंघोळीची वेळ झाली की आपल्या छतावरचा सूर्य गायब होत होता. त्यानं भनपुरीच्या कारखान्यांच्या धुरावर अख्खा सिद्धांत मांडला होता, धूर केव्हा उठतो, वारा कुठून वाहतो, असे बाण काढून. मी तो कागद नीट बघितला, छान आहे म्हटलं, आणि मग त्याला दोरी दाखवली. त्यानं बाणांच्या कागदाची घडी करून खिशात घातली. अनुश्री जिन्यातून म्हणाली, यालाच सोशल डायमेन्शन म्हणतात. त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी बोलायला लागले, हे माझ्या बनियनाचं त्या संशोधनाला योगदान समज.

आता मुख्य गोष्ट. अनुश्रीची आजी वर्ध्याची. पोरीला मराठी समजतं, पण तोंड उघडलं की हिंदी. तरी घरात मराठी कानाचं माणूस आलं याचा मला इतका आनंद झाला की तिनं विचारलं त्याच्या चौपट मी बोललो. (तू गेल्यापासून मराठीत मी फक्त गोडलिंबाच्या झाडाशी बोलतो.) तिनं विचारलं, ‘काका, छत का क्या उपयोग होता है?’ मी म्हटलं, ‘माही बायको होती तवा दिवसभर थ्याच कोपऱ्यात बसे. आता थे नाही तं ऊन असंच पडून राह्यते.’

हे वाक्य तू पुन्हा वाच. मी काय चूक बोललो? तू होतीस तेव्हा बसायचीस, आता तू नाहीस, ऊन पडून आहे. पण पोरीनं ऐकलं हिंदीत. आणि हिंदीत ऊन म्हणजे काय, ते तर तुला माझ्याआधी कळलं असेल. आपल्या लग्नानंतर पहिल्याच थंडीत तू मला म्हणालीस, गोल बाजारातून ऊन घेऊन या. मी तुमसरचा माणूस, दारात उभा राहून हसत सुटलो, की रायपूरच्या मुली ऊनही बाजारातून मागवतात! तू रडवेली झालीस आणि मग रागावलीस. तेव्हापासून आजपर्यंत या घरात तू ऊन म्हणतेस, मी लोकर म्हणतो, आणि दोघांपैकी कुणी मागं हटलेलं नाही. धम्मदीप लहानपणी दोन्ही टाळून ‘स्वेटर का धागा’ म्हणायचा, तो तेव्हापासूनच हुशार.

त्यात पुरावा समोर ठेवलेला. तुझी खुर्ची मी हलवलेली नाही. खुर्चीवर तुझी पिशवी, पिशवीत तो वांग्याच्या रंगाचा माझा स्वेटर, एक बाही झालेली, दुसरी सुयांवर अर्धवट. (रोज संध्याकाळी मी पिशवी खाली आणतो, सकाळी पुन्हा वर ठेवतो. का, ते विचारू नकोस. पिशवीला खालच्या खोलीत करमत नाही.) अनुश्रीनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं धूळ गेली असेल.

तरी पोरगी काम करणारी. एका माणसाच्या सांगण्यावर तिनं विश्वास ठेवला नाही, खात्री करायला शेजारी शांताबाईंकडे गेली. कलावतीजी के बारे में कुछ बताइए, म्हणाली. आता शांताबाईंचं तुला माहीत आहे, भाजी निवडताना त्या एका शब्दात अख्ख्या गावाची खबर संपवतात. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘हव बेटी, ओ ह तो चल दिस. देवारी के पहिली.’ म्हणजे ती तर गेली, दिवाळीच्या आधी. झालं. तू गेलीस. दोन साक्षीदारांसह गेलीस.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात विद्यापीठानं आम्हा पाऱ्यातल्या लोकांना कार्यक्रमाला बोलावलं. मी तो निळा शर्ट इस्त्री केला. (कॉलर थोडी जळली, मागून दिसत नाही.) मोठा हॉल, गार हवा, स्टेजवर मला पुढच्या खुर्चीत बसवलं. आधी पियुष बोलला. त्यानं आकडे दाखवले, ते मला कळले नाहीत, पण बनियनाचं नाव न घेता ‘एक स्थानीय अवरोध’ म्हणाला ते कळलं. मग अनुश्री उठली. म्हणाली, विजेसाठी छत घेताना त्या छतावर कुणाचं आयुष्य बसलेलं होतं हे आपण विचारत नाही. छान बोलत होती. मग म्हणाली, बायकांचा ऊनचा घरगुती व्यवसाय या योजनेनं बंद पडेल. मला वाटलं ही उन्हात बोरं वाळवण्याबद्दल बोलते आहे, मीही मान हलवली. मग तिनं एका घराबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि सगळी माणसं हळूहळू माझ्याकडे बघायला लागली. शेवटी विद्यापीठाच्या मोठ्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, आपण सगळे उभं राहून मौन पाळू या.

आता मौन म्हटलं की मी उभा राहतो, ही सवय आहे. कुणी मोठा माणूस गेला असेल असं समजून मी सगळ्यांच्या आधी उभा राहिलो आणि मान खाली घातली. मनापासून घातली. थोड्या वेळानं, कोण गेलं ते बघावं म्हणून एक डोळा उघडून पडद्याकडे बघितलं. पडद्यावर आपलं छत. तुझी खुर्ची. तुझी पिशवी. बाहीतून सुया निघालेल्या. आणि खाली लिहिलेलं, स्वर्गीय श्रीमती कलावती.

मी लगेच ओरडायला हवं होतं. पण कलावती, मौनात कोणी बोलत नाही ना!  मला माहीत होतं की तू पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून यशदीपला वरण-भात भरवते आहेस. हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. तरी ती खुर्ची एवढी मोठी होऊन पडद्यावर दिसली, हॉलभर माणसं तिच्यापुढे माना खाली घालून उभी, आणि मी मागं हात नेऊन माझी खुर्ची घट्ट धरली. मला एकदम वाटलं की असंच असेल. एक दिवस खरंच असंच असेल, तुझ्यासाठी किंवा माझ्यासाठी, आणि मागं राहिलेलं माणूस असंच निळा शर्ट घालून उभं असेल. मग हे जे दिवस आहेत, ज्यात आपण दोघंही धडधाकट आहोत, गुडघा सोडून, ते आपण दोन गावांत काय म्हणून घालवतो आहोत? एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मला तुझी फार आठवण आली. एरवी येत नाही असं नाही, पण ही उभ्या उभ्या आली.

मौन संपलं. मॅडमनी माझ्यापुढे माईक धरला, दोन शब्द बोला म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून हिंदी निघालीच नाही. मी म्हटलं, ‘अरे बापा, जिती हाय थे! पुण्याले हाय!’ माईक चालू होता. मागच्या रांगेत आपल्या पाऱ्यातल्या शांताबाई बसल्या होत्या, त्या उठून म्हणाल्या, ‘हव, पुणे गे हे! मैं कहे तो रहेंव!’ पुण्याला गेली, हेच तर मी सांगितलं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर काय झालं ते तू समजून घे. हॉलमध्ये हसण्याची इतकी धमाल उडाली की पंखे बंद पडले असते तरी कुणाला कळलं नसतं. फक्त अनुश्री हसत नव्हती. ती कान धरून स्टेजवरून खाली आली. मी तिला जवळ बसवलं आणि ऊन म्हणजे काय ते समजावलं. तिनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, ‘काका, मेरी आजी बोलती थी ना, उनात खेळू नको. मैं आज तक समझती थी, स्वेटर वाली ऊन से खेलने को मना करती है.’ आणि मग ती हसली ती थांबेचना. आजी आता नाहीत तिच्या. म्हणून हसता हसता रडलीसुद्धा.

सगळं मिटलं असं मला वाटलं होतं, पण मिटलं नाही. पियुष दुसऱ्या दिवशी मोजायची टेप घेऊन हजर. म्हणाला, अंकल, लोकरीचा व्यवसाय नाही, आंटी नाहीत (‘रायपूरमध्ये नाहीत’ असं त्यानं चटकन सुधारलं), म्हणजे दक्षिणेचा कोपरा मोकळाच आहे. पॅनल तिथंच बसवू. दुसऱ्या बाजूला शांताबाईंच्या टाकीची सावली पडते. पॅनल एकदा बसले की पाच वर्षं हलणार नाहीत. त्यानं बोलता बोलता तुझी खुर्ची उचलून जिन्यात ठेवली, आणि मी ती उचलून परत जागेवर ठेवली. त्यानं पुन्हा उचलली नाही. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, पण त्याला दिसलं असावं.

मी विजेच्या विरोधात नाही. वीज घरची झाली तर चांगलंच आहे, आणि पोरं मनापासून काम करतात. पण त्या कोपऱ्याची मालकीण तू आहेस. तू ‘हो’ म्हणालीस तर मी स्वतः पाने घेऊन पॅनल कसून देईन. तू ‘नाही’ म्हणालीस तर पियुषनं टाकीशी भांडावं. मी त्यांना सांगितलं आहे की आमच्या घरच्या बाईनं जागेवर येऊन, उभं राहून, बघून, स्वतःच्या हातानं सही केल्याशिवाय तिथं खिळा ठोकायचा नाही. नियमच तसा आहे. घरातल्या दोघांनी प्रत्यक्ष हजर असावं लागतं.

दिवाळीत मी पुण्याला आलो होतो तेव्हा तुमच्या त्या बाल्कनीत उभा राहून बघितलं होतं. समोरच्या बिल्डिंगची सावली दुपारीसुद्धा उठत नाही. तू तिथं खुर्ची टाकून बसली होतीस, शाल घेऊन, आणि ‘हवा छान येते’ म्हणालीस. तेव्हाच मला तुझ्या गुडघ्याचं वाईट वाटलं होतं. तेवढ्यात मोनाली चहा घेऊन आली.

असो. यशदीपला गोड पापा, धम्मदीप आणि मोनालीला आशीर्वाद. तू स्वतःला जप.

तुझाच,
हरिदास

ता. क. वरचं सगळं वाचून तू माझ्यासाठी धावत येशील, तर तसं काही करू नकोस. माझं उत्तम चाललं आहे. भात आता करपत नाही. फक्त गोडलिंबाची पानं पिवळी पडली आहेत आणि त्याला काय घालायचं ते मला समजत नाही. झाड तुझं आहे म्हणून कळवलं.

आणखी एक ता. क. प्रत्यक्ष सहीचा तो नियम वगैरे काही नाही. अनुश्री म्हणाली, आंटीजी से फोन पर हाँ करवा दीजिए, चलेगा. मी सांगितलं की तुला फोनवर ऐकू येत नाही. तेव्हा विद्यापीठातून कुणाचा फोन आला तर तू थोडी बहिरी आहेस, हे लक्षात ठेव. जिवंत आहेस हे मी त्यांना पटवलं आहे, ऐकू येतं हे तू पटवू नकोस.

शेवटचं. काल गोल बाजारात गेलो होतो. पिशवीतली लोकर संपत आली आहे, बाही पुरी होणार नाही, हे मला पिशवी रोज वर-खाली नेताना कळलं होतं. दुकानात रंग दाखवला. त्यानं विचारलं, क्या चाहिए चाचा? मी म्हटलं, ‘ऊन.’ हो, मीच म्हटलं, माझ्या तोंडानं. तू जिंकलीस. अर्ध्या बाहीपुरतं ऊन आणून पिशवीत ठेवलं आहे. दुसरं ऊन छतावर आहे, पण ते आता मार्चमध्ये कडक होईल, मग तिथं कुणाला बसवणार नाही. ते गोड आहे तोवर ये.